उशिराचा ठपका

काळ्या रबराचा तो तळहाताएवढा तुकडा चहाच्या कपाशेजारी पडला होता, आणि हिराबाईंना तो सायकलच्या फुटक्या ट्यूबसारखाच दिसत होता... एवढ्याशा वस्तूपायी अण्णा गेले? छे!

समोर पायल बसली होती. ती जुन्या विमान-अपघातांवर प्रबंध लिहीत होती. हिराबाईंचे वडील, अण्णा, प्रवासी विमानाचे वैमानिक होते. काश्मीरच्या डोंगरात विमान कोसळलं तेव्हा हिरा जेमतेम शाळेत जाऊ लागलेली. म्हणून ही मुलगी खडकीचा पत्ता शोधत आली होती. तिनं आणलेला तुकडा तसल्याच दुसऱ्या एका विमानाचा होता. पंखांच्या पुढच्या कडेला असे रबरी पट्टे असायचे. बर्फ धरला की आत हवा सोडायची, पट्टा फुगायचा, बर्फ तडकून उडून जायचा.

"चौकशी अहवालात म्हटलंय, वैमानिकानं पट्टा फुगवायला उशीर केला," पायल म्हणाली.

"ठाऊक आहे. त्या एका वाक्यावरच वाढलेय मी."

वाढल्याच होत्या की! बचावलेल्या रेडिओवाल्यानं साक्ष दिली होती — कॅप्टन म्हणाले, थांबा, अजून जमू द्या. तेव्हापासून आईनं घरातून थांबणं हद्दपारच केलं. दूध वर यायच्या आत खाली, गाडी दुपारची तर आम्ही सकाळीच स्टेशनावर, आभाळ स्वच्छ असलं तरी वाळवण आत... आणि मी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, परीक्षा अगदी तोंडावर, तर चांगलं स्थळ आलं म्हणून थेट बोहल्यावर. परीक्षा काय पळून जातेय, पुढच्या वर्षी दे! पुढचं वर्ष कुठलं यायला? पाळणा हलला, सासूबाईंनी अंथरूण धरलं, रसायनशास्त्राची पुस्तकं रद्दीत गेली. आणि आज सकाळीच नातीला, सृष्टीला, फोनवर बजावलं होतं : संध्याकाळपर्यंत स्थळाला होकार कळव, लोकांना ताटकळत ठेवू नये.

"पण काकू, खरं सांगू? त्यांनी उशीर केलाच नाही."

"म्हणजे?"

"त्या काळी शिकवायचेच तसं. बर्फ बोटभर जाड होऊ द्या, मग फुगवा. लवकर फुगवलं तर बर्फाचं कवच नुसतं बाहेर सरकतं आणि पट्टा आतल्या आत फुगत राहतो, अशी समजूत होती. पुढे चाचण्यांत कळलं, तसं काही होत नाही. बर्फ दिसताक्षणी फुगवलेलंच बरं. त्यांनी शिकवलेलं तंतोतंत केलं, एवढंच."

 आई, ऐकलंस का, असं हिराबाईंना मोठ्यानं ओरडावंसं वाटलं — आई जाऊन किती वर्षं झाली तरी. अण्णा सुटले! आनंद झाला, खराच झाला, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ असा काही संताप उसळला की हातातला कप त्यांनी बशीवर आदळला. मग ती घाई कशासाठी होती गं? माझी परीक्षा कुणाच्या चुकीपायी गेली?

पायल निरोप घेऊन गेली. दार लावून वळतात तोच फोन वाजला. सृष्टी.

"आजी, मुलगा चांगलाय गं, पण मला अजून ठरवता येत नाहीये. प्लीज. रागावलीस?"

"तुझ्यावर नाही."

"मग कुणावर?"

हिराबाई मनातल्या मनात एकेकाला धरू लागल्या. अहवाल लिहिणाऱ्यांवर? त्यांनी साक्षीत आलं ते लिहिलं. शिकवणाऱ्यांवर? त्यांची अक्कल त्या काळापुरती. आईवर? भर तारुण्यात कुंकू पुसलेली, पदरात पोर, ती बिचारी भ्यालेलीच होती... एकेकाला सोडता सोडता शेवटी कुणी उरेना. उरली ती सकाळी नातीला मुदत घालून देणारी एक म्हातारी, आणि तिच्यावर रागावायचं म्हटलं तर रडूच येत होतं.

"आजी? आहेस ना?"

"आहे गं," त्या म्हणाल्या, "ठरव सावकाश. संध्याकाळचं राहू दे." थांबण्याची आज भीती वाटत नव्हती.