जुनिपरच्या आडचा कडा

हँक्सव्हिलच्या पेट्रोल पंपावर कुणी व्हर्लिन स्टॉडर्डला सहज जरी विचारलं, "यंदा मुक्काम कुठं?" तरी तो "इकडंच, थोडं पुढं" म्हणून हात असा फिरवायचा, की त्यात अर्धं यूटा राज्य मावावं. जमीन सरकारी, सगळ्यांच्या मालकीची. आपली घरगाडी लावून चौदा दिवस फुकट राहा, कुणी हटकत नाही. पण सगळ्यांची आहे म्हणून ती सगळ्यांना सांगत सुटायचं की काय? व्हर्लिनने दहा वर्षांत कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

ठिकाण होतंच तसं. कच्च्या रस्त्याला डावीकडे एक वाट फुटायची आणि ती थेट कड्याच्या काठाशी जाऊन थांबायची. समोर लाल-राखाडी डोंगर, खाली कोरडी दरी आणि नजर पोचेल तिथवर माणूस नाही. मुक्काम हलवताना व्हर्लिन दर वर्षी एक वाळकं जुनिपरचं झाड ओढत आणून वाटेच्या तोंडाशी आडवं टाकायचा. बघणाऱ्याला वाटावं, पुढे काही नाही. त्या झाडापायी त्याची कंबर दोनदा धरली होती, पण त्याने कधी तक्रार केली नाही.

यंदा मात्र तो धास्तावलेला होता. त्याची बायको नेडीन हिने पोकाटेलोच्या घरून निघतानाच सांगून टाकलं होतं, "ही शेवटची खेप. घरगाडी विकायची. गिऱ्हाईक मी बघून ठेवलंय, नुसता फोन करायचा बाकी आहे." का, असं विचारलं तर म्हणाली, "कंटाळा आला." आता कंटाळा हा शब्द काही अवघड नाही. पण व्हर्लिनने त्याचा अर्थ असा लावला, की हिला अलीकडच्या मुक्कामांवरची गर्दी आवडली नाही. धूळ, शेजाऱ्यांची कुत्री, लोकांची बडबड. एकदा कड्यावर नेऊन निवांत ठेवली की बाई ताळ्यावर येईल. घरगाडी गेली तर आपण पोकाटेलोच्या दिवाणखान्यात बसून काय करणार, हे त्याला सुचत नव्हतं आणि सुचवून घ्यायचंही नव्हतं.

वळणावर झाड होतं तसं आडवं पडलेलं दिसलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"बघ," तो म्हणाला, "चिटपाखरूसुद्धा फिरकलेलं नाही."

"तेच तर," नेडीन म्हणाली.

त्याने धापा टाकत झाड बाजूला केलं, गाडी आत घेतली, मागे जाऊन झाड पुन्हा आडवं टाकलं आणि ऐटीत कड्याशी आला. तिथे एक पांढरी व्हॅन उभी होती. नेमकी त्याच्या जागेवर. व्हॅनपुढे खुर्ची टाकून सत्तरीची एक बाई शेगडीवर हिरव्या मिरच्या भाजत होती.

"झाड आडवं होतं ना?" व्हर्लिनने विचारलं. रामराम त्याला सुचलाच नाही.

"होतं की," बाई म्हणाली. "करवतीनं कापलेला बुंधा. म्हटलं, एवढे कष्ट घेऊन कुणी वाट अडवलीय, म्हणजे आत काहीतरी बघण्यासारखं असणार."

"मग तुम्ही आत आल्यावर ते परत कुणी आडवं टाकलं?"

"मीच. मला वाटलं, इथली रीत असेल."

गाडीत बसलेली नेडीन खो खो हसली. हे हसणं व्हर्लिनला बरंच वाटलं असतं, पण त्या वेळी त्याचा चेहरा पडलेला होता.

बाईचं नाव चेलो तापिया. न्यू मेक्सिकोची, जन्मभर ट्रक चालवून आता निवृत्त. जो आधी आला त्याची जागा, त्याला उठ म्हणायचं नाही, हा रानातला नियम व्हर्लिन पाळायचा. पण त्याला वैताग आणायचा नाही, असं कुठेही ठरलेलं नव्हतं. सोलरवर बॅटऱ्या ठासून भरलेल्या असतानाही त्याने सकाळीच, नेडीन उठायच्या आधी, तासभर जनरेटर लावला. मोकळ्या रानात दुसऱ्याच्या कानाशी जनरेटर लावणं म्हणजे देवळात शिट्टी वाजवणं. चेलोने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तो आणखी जवळ नेला. ती शांतपणे कॉफी पीत बसली. त्या आवाजाने डोकं उठलं ते व्हर्लिनचंच.

नेडीन मात्र पहिल्याच संध्याकाळी लोखंडी हंडीत भाजलेलं पीचचं गोड घेऊन तिकडे गेली आणि येताना मिरची घातलेला डुकराच्या मटणाचा रस्सा घेऊन आली. मग रोजचंच झालं. सकाळची कॉफी तिकडे, जेवणं आटोपली की रमीचा डाव तिकडे, दुपारी तिकडे, दिवेलागणीला तिकडे. व्हर्लिन आपल्या खुर्चीत बसून दहा वर्षं जपलेला देखावा एकटाच बघत होता. तसा तो दर वर्षी एकटाच बघायचा, फक्त शेजारी नेडीन बसलेली असायची.

पाचव्या दिवशी सकाळी चेलोने खुर्ची मिटली. व्हर्लिन लगबगीने गेला.

"निघालात?"

"निघाले."

"जनरेटरमुळं?" आपला आनंद लपवत त्याने विचारलं.

"कसला जनरेटर?" चेलोने कानातल्या ऐकू येण्याच्या यंत्रावर बोट ठेवलं. "रानात आल्यावर हे मी काढूनच ठेवते. फक्त कुणी बोलायला आलं की घालते, म्हणजे बहुतेक तुमची बायकोच."

"मग निघालात कशाला?"

चेलोने घरगाडीच्या खिडकीकडे बघून आवाज खाली आणला. "राग मानू नका. फार गोड आहे ती. पण मी इथं एकटी राहायला आले होते. दिवसातून चारदा येते आणि जी सुरू होते! चर्चमधली भांडणं, बहिणीचा गुडघा, तुमच्या लग्नातला केक. अहो, एवढं बोलणं तिच्याकडं साठलं कुठं?"

कुठं साठलं ते व्हर्लिनला ठाऊक होतं. इथेच, त्याच्या शेजारच्या खुर्चीत. ही जागा आपण जगापासून लपवली, असं तो समजत आला होता. आत कोंडली गेली होती नेडीन. त्याला लाज वाटली, आणि गिऱ्हाइकाचा विचार येऊन भीतीही वाटली.

"राहा ना," तो म्हणाला. जन्मात त्याने कुणा पाहुण्याला राहा म्हटलं नव्हतं. "ती फक्त दुपारचीच येईल असं करतो."

"आणि बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी मी बोलेन तिच्याशी."

चेलोने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग माझं काय काम?" असं म्हणून ती व्हॅनमध्ये चढली.

नेडीन पत्ते घेऊन बाहेर आली तेव्हा तिथे नुसती चाकोरी उरली होती.

"घालवलीस तिला?"

"नाही गं. राहा म्हटलं मी."

"तू? राहा म्हणालास?" तिचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. "असू दे. गिऱ्हाइकाला फोन करते. काठावर रेंज येते."

ती काठाशी जाऊन उभी राहिली. व्हर्लिन दोन्ही खुर्च्या आणि घडीचं टेबल उचलून मागोमाग गेला.

"पत्ते वाट," तो म्हणाला.

"तुला येत नाही."

"शिकव."

पत्ते म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा, असं हाच माणूस म्हणायचा. नेडीनने खुर्चीत बसून फोन मांडीवर ठेवला आणि पानं वाटली. तो चुकीची पानं टाकत गेला. मग नेहमीसारखी शांतता पसरली आणि नेडीनचा हात फोनकडे वळला.

"आपल्या लग्नातला केक," तो घाईने म्हणाला, "आंबट होता."

नेडीनचा हात थांबला. "तू कधी बोलला नाहीस."

"तुझी आई समोर उभी होती. दोन तुकडे खाल्ले मी."

"बहिणीनं दुधाऐवजी ताक ओतलं होतं!" नेडीन म्हणाली आणि मग ती जी सुटली ती बहिणीच्या पहिल्या नवऱ्यापर्यंत जाऊन पोचली. व्हर्लिन ऐकत होता. मध्येमध्ये त्याने दोन प्रश्नही विचारले, आणि एकाचं उत्तर ऐकून तर तो खरोखर हसला.

"मग गिऱ्हाइकाचं काय?" डाव संपल्यावर त्याने भीतभीत विचारलं.

"आज नाही करत फोन."

"आणि उद्या?"

"उद्या तू किती बोलतोस ते बघून ठरवू," नेडीन म्हणाली आणि पानं पिसायला लागली. व्हर्लिन समोरच्या डोंगरांकडे बघत उद्यासाठी विषय शोधू लागला.