दगडफुलाची पुडी

हेमलताबाईंचा नवरा पुडीत राहत होता. वनस्पतिसंग्रहालयाच्या कपाटात, स्पितीच्या उघड्याबोडक्या डोंगरावरून आणलेल्या केशरी दगडफुलाच्या कागदी पुडीत. अकरा वर्षांपूर्वी त्र्यंबकराव ते गोळा करायला गेले. पुडी सामानाबरोबर परत आली, ते आले नाहीत. थंडीने गारठून तिथेच गेले. पण पुडी उघडली की आत त्यांची ती शेवटची दुपार असायची. ते बसल्या बसल्या छिन्नी-हातोडीने खडकाची खपली काढत असायचे.

"चला ना आता घरी," बाई म्हणायच्या.

"अजून ऊन आहे गं."

संग्रहालयातल्या नोंदी बाईंकडेच होत्या. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या पुडी उघडायच्या. जिवाला तेवढाच विसावा. पण मेलं तेही सुखासुखी मिळेना. दर वेळी सावली त्र्यंबकरावांच्या अंगावर केसभर वर सरकायची. आधी बुटांवर, मग गुडघ्यांवर. उघडायचीच नाही असं बाईंनी किती वेळा ठरवलं, चार दिवससुद्धा राहवलं नाही. एका सोमवारी सावली गळ्याशी आली.

"हातपाय गार पडलेत गं," ते म्हणाले.

संग्रहालयाची रीत अशी, की जुनं लेबल कधी काढायचं नाही. चूक सुधारायची तर खाली नवी चिठ्ठी चिकटवायची, सही-तारखेनिशी, आणि मग तीच खरी धरायची. नोकरीभर बाईंनी खोटी चिठ्ठी म्हणून चिकटवली नव्हती. आज चिकटवली. 'गोळा करणारा' याच्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं आणि डिंक वाळेपर्यंत अंगठा दाबून धरला.

डिंक वाळला तेव्हा त्या खडकावर बसल्या होत्या. सावली गळ्याशीच होती. वर, कागदाच्या घड्यांपलीकडे, त्र्यंबकराव बाईंच्या खुर्चीत बसले होते. गालांवर चांगला रंग आला होता. बाईंना आनंदाने रडूच फुटलं.

"अहो, मिटा ती पुडी," त्या म्हणाल्या. "मिटा आणि घरी जा."

"अकरा वर्षं नुसतं तोंड दिसत होतं तुझं. जरा सबंध बघू दे."

"नका ना बघू! हात जोडते तुमच्यापुढे."

"एकदाच गं," असं म्हणत ते आणखी वाकले, आणि त्यांच्या डोक्याची सावली, दोन्ही कानांसकट, बाईंच्या हनुवटीवर चढली.