भीमाशंकरने धाडलेला मेल

पोटदुखीला ओवा चालतो, पण बायकोवरून पोटात दुखायला लागलं तर त्याला औषध नाही. कमलनगरच्या जीप स्टँडवर भीमाशंकरला हे दुखणं लागलं ते भर दुपारी, चार माणसांच्या देखत, दोन हजार दहा साली.

बाप पिराप्पा मेंढरं राखायचा. पोरानं मेंढरं विकून जीप घेतली, कमलनगर-उदगीर खेपा मारायला लागला आणि स्टँडवरचे लोक त्याला ‘अण्णा’ म्हणायला लागले. त्याची बायको श्रीदेवी स्टँडसमोरच्या तिप्पण्णाच्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची, लोकांचे अर्ज भरून द्यायची. तिनंच हौसेनं नवऱ्याला मेलचा पत्ता काढून दिला होता. त्या पत्त्यावर त्या दुपारी बँकेच्या नावानं मेल येऊन पडला. तुमचं खातं आज संध्याकाळी बंद होणार, वाचवायचं असेल तर खात्याचा नंबर, एटीएमचा नंबर आणि पिन ताबडतोब कळवा, असं त्यात होतं. गडी हादरलाच की! श्रीदेवी जेवायला घरी गेलेली. ह्यानं तिप्पण्णाला बाजूला सारलं, खुर्ची धरली, एका बोटानं सगळे आकडे भरले आणि आता पाठवणार, तेवढ्यात ती दारात.

“थांबा! काय करायलाव?”

“खातं बंद व्हायलंय.”

“कुणी सांगितलं?”

“बँकेनं.”

तिनं मेल वाचला आणि पदर तोंडाला लावून हसली. “अवं, कुलूप बँकेचं. ती तुमची किल्ली तुमालाच कशाला मागंल? पिन कुठलीच बँक मागत न्हाई, मेलवर न्हाई आन् फोनवर बी न्हाई. हा वरचा पत्ता बघा, बँकेचा हाय का? आन् बँकेला तुमचं नाव ठाव न्हाई व्हय, ‘प्रिय ग्राहक’ लिवायला? घाई करतंय आन् नाव घेत न्हाई, म्हणजे चोर समजायचा.”

तिनं आकडे पुसून टाकले. खातं वाचलं, पण झेरॉक्सला आलेले ड्रायव्हर खो खो हसत होते. एकजण म्हणाला, “अण्णा, बायकोची शिकवणी लाव की!” तेही भीमाशंकरनं गिळलं असतं. पण तिप्पण्णानं नको ते विचारलं, “अक्का, हे कुठं शिकलाव?”

“लग्नाच्या आधी, बिदरला क्लासला होते तवा. वीरण्णा सरांनी शिकवलं,” ती म्हणाली. “लई हुशार माणूस.”

लई हुशार माणूस! झालं, तिथंच ठिणगी पडली. लग्नाला चार वर्षं झाली होती. उदगीरच्या खड्ड्यांतून रोज जीप हाणणाऱ्या, तिच्यासाठी येताना न चुकता शेव-चिवडा आणणाऱ्या भीमाशंकरला ती कधी हुशार म्हणाली नव्हती. चांगला म्हणाली होती, मायाळू म्हणाली होती. पण मायाळू तर म्हैस पण असते!

त्या दिवसापासून त्याची नजर तिच्या कॉम्प्युटरवरून हलेना. गाडी भरेपर्यंत दुकानासमोर उभा राहायचा. ती पडद्याकडं बघून गालात हसली की ह्याच्या छातीत सुई. “कुणाचा मेल?” म्हणून सहज विचारल्यासारखं विचारायचा. “सरांचा,” ती म्हणायची. “काय म्हणायलेत?” “काय न्हाई, कामाचं.” आणि त्याच्या तोंडावर ती पडद्यावरची खिडकी बंद करायची. कामाचं! क्लास सुटून इतकी वर्षं झाली, आता त्या माणसाचं हिच्यापाशी काय काम? घरी तो ताट ढकलून उठायला लागला. आई कोंडाबाई म्हणायची, “भिमा, भाकरीनं तुझं काय घोडं मारलंय रे?” ह्यानं सरळ बायकोला पुढं बसवून विचारलं असतं, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण जळणाऱ्या माणसाला विचारायची लाज वाटते, चोरून बघायची वाटत नाही. असा हा सगळा उफराटा कारभार.

तिच्या मेलचा पत्ता तिनंच त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिला होता. दोन अक्षरं आणि पुढं आकडे, गाडीच्या नंबरासारखा. त्यामुळं पत्त्याची अडचण नव्हती. अडचण होती पासवर्डची. आणि तो कसा मागायचा, हे तर बायकोनंच भर दुकानात शिकवून ठेवलं होतं.

कमलनगर कर्नाटकात, उदगीर म्हणजे महाराष्ट्र. तिथं जीप स्टँड सोडला तर ह्याला ओळखतंय कोण? जीप लावून तो बाजारातल्या एका नेटच्या दुकानात शिरला. मित्राची चेष्टा करायची आहे, म्हणाला. दुकानवाला पोटभर हसला. “असले मेल तर रोज येतेत. त्यातलाच एक बदलून देतो,” म्हणाला. बँक काढून त्यानं मेलच्या कंपनीचं नाव घातलं. तुमचं मेलचं खातं आज संध्याकाळी बंद होणार, चालू ठेवायचं असेल तर पासवर्ड कळवा.

“वर ‘प्रिय ग्राहक’ ऱ्हाऊ द्यावं का?”

“छ्या! नाव घाल,” भीमाशंकर गडबडीनं म्हणाला. “नाव नसलं की लगेच वळखत्यात.”

“मग सांगा नाव.”

“श्रीदेवी भीमाशंकर.”

इंग्रजी अक्षरांत दोन्ही नावं शेजारी शेजारी उमटली. त्याला ती इतकी गोड दिसली की क्षणभर आपण काय करायलोय तेच तो विसरला. मग आठवलं, आणि त्यानं मेल धाडायला सांगितलं. वाटेत शीळ घालत आला बेटा. कोण हुशार, ते आता कळणार होतं!

संध्याकाळी घरी आला तर चूल थंड. श्रीदेवी ओट्यावर बसलेली, शेजारी कोंडाबाई.

“आज मला बी मेल आला,” श्रीदेवी म्हणाली.

“कुणाचा?”

“चोराचा.”

भीमाशंकरनं तांब्या उचलला, प्यायला नाही. “चोराचा कशावरून? नाव नव्हतं का?”

“होतं की. श्रीदेवी भीमाशंकर.”

“मग खराच असंल!” तो जोरात म्हणाला. “तूच म्हणालीस ना, नाव असलं म्हणजे...”

“तुमाला माझं नाव ठाव हाय का?”

आता हे काय विचारणं झालं?

“शाळेच्या मार्क्स कार्डावर जगदेवी हाय. बँकेत जगदेवी. मेल काढला तो बी जगदेवी हणमंतराव म्हणून, लग्नाच्या आधी. कंपनीला श्रीदेवी कोण, काय ठाव? ते नाव ह्या घरात आन् ह्या गल्लीत हाय. आन् गल्लीतल्या कुणापाशी माझ्या मेलचा पत्ता न्हाई.”

भीमाशंकरचा चेहरा उतरला. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘श्रीदेवी’ त्यानंच लिहिलं होतं. पाच बायकांनी वाचलं, साखर वाटली, आणि माहेरची जगदेवी त्या दिवसापासून मागं पडली. सासरचं नाव कागदावर चढवायचं कुणाला सुचलं नाही, तिनं कधी मागितलंही नाही. आणि हा शहाणा विसरूनच गेला होता की बाई येताना एक नाव घेऊन आलेली असते.

“स्टँडवरलं कुणी तरी...” त्यानं एकदा धडपड करून बघितली.

“अवं, पुरं करा. सरळ मागितला असता तर पासवर्ड दिला असता मी.” तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. “घ्या, आता बी देते. सकाळी दुकानात जाऊन सगळं वाचा.” आणि तिनं कोंडाबाईच्या देखत एक एक अक्षर सांगितलं. भीमाशंकरला वाटलं, नको म्हणावं. पण अंगातलं भूत इतक्यानं उतरतंय होय? त्यानं अक्षरं पाठ केली.

सकाळी तिप्पण्णानं शटर उचललं तसा हा आत घुसला. वीरण्णाचे मेल ओळीनं होते, इंग्रजी अक्षरांत मराठी. बोट लावून लावून त्यानं वाचले. ‘जगदेवी, आळंदला नवा क्लास काढायलोय. शिकवायला तुझ्यासारखी बाई पायजे. राहायची सोय माझ्या आईपाशी करतो. विचार करून सांग.’ त्याच्याखाली तिचं उत्तर. ‘नाही सर, मालकांना सोडून जमणार नाही. त्यांची जेवणाची आबाळ होईल, आणि माझं पण मन लागणार नाही.’ पुढच्या महिन्यात सरांनी पुन्हा विचारलेलं, पगार वाढवून. तिनं पुन्हा नाही म्हटलेलं. ‘आमचे मालक लई मायाळू आहेत सर. त्यांना एकटं टाकवत नाही.’

भीमाशंकरची छाती अशी फुगली! एवढ्या हुशार माणसाला तिनं नाही म्हटलं, आणि कुणासाठी? जीपवाल्या भीमाशंकरसाठी! त्याला वाटलं असंच उठावं, घरी जावं, तिचे पाय धरावे. आधीच विचारलं असतं तर, असंही वाटलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग तो वर सरकला. तिथं त्याचा स्वतःचा मेल होता, उदगीरचा. आणि त्याच्याही वर, त्यानंतर थोड्याच वेळात तिनं सरांना धाडलेली एकच ओळ. ‘सर, उद्या येते.’

तो घराकडं पळाला. ती वाटेतच भेटली, हातात बॅग घेऊन स्टँडकडं येत होती.

“जाऊ नको,” तो धापा टाकत म्हणाला. “वाचलं मी. सगळं वाचलं. चूक झाली माझी.”

“वाचलाव न्हवं? मग न्हाई म्हणत होते ते बी वाचलं असंल.”

“व्हय! मग आता कामून जायलीस?”

“तवा वाटायचं, हितं माझ्यावर भरवसा ठिवणारं माणूस हाय,” जगदेवी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण पाय थांबले नाहीत.

आळंदच्या वाटेवरल्या भालकीची बस लागली होती. शेजारी भीमाशंकरची जीप रिकामी उभी होती. “निदान भालकीपर्यंत सोडतो,” तो म्हणाला. तिनं बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि बसमध्ये चढली.