मुनव्वर शिक्केवाल्याचं जुनं ईमेल खातं

या मित्रांनो, टेका जरा. माझं शिक्षण बेताचंच. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं सांभाळली, स्वतः एक अक्षर लिहिलं नाही. तेव्हा बोलतो तसंच सांगतो, चालवून घ्या.

मी ईमेलचं एक म्हातारं खातं. कसबा पेठेत मुनव्वर शिक्केवाल्याचं टीचभर दुकान आहे, त्याचं. बंद व्हायला माझे अकरा दिवस राहिलेत. त्याआधी पोटातलं सांगून टाकावं म्हणतो. पोटात काही गोडधोड नाही बरं का, नुसता जळफळाट आहे.

मी उघडलो दोन हजार नऊ साली, एका सायबर कॅफेत. मुनव्वरचा धंदा रबरी शिक्क्यांचा. डॉक्टरांचे, वकिलांचे, शाळांचे, सोसायट्यांचे. आधी लोक कागदावर मजकूर लिहून आणायचे आणि त्यांच्या अक्षरावरून भांडणं व्हायची. मी आलो आणि भांडणं मिटली. मजकूर, सही, गोल शिक्क्याचं चित्र, सगळं माझ्यात येऊन पडायचं. मुनव्वर एका बोटानं टाइप करून उत्तर द्यायचा आणि खाली हमखास लिहायचा, "शिक्का तयार आहे. चहाला या." गिऱ्हाईक कोणीही असो, चहाला या. एकदा नागपूरच्या शाळेलाही लिहिलं. बिचारे येणार कसे?

माझा तोरा विचारू नका. दुकानाच्या पाटीवर मुनव्वरच्या नावाखाली माझं नाव रंगवलेलं. पावतीवर मी. बिल द्यायला आलेला माणूस म्हणायचा, वा मुनव्वरभाई, ईमेलवाले झालात. मुनव्वर लाजायचा, मी फुगायचो.

एक खोट होती. मुनव्वरला पासवर्ड लक्षात राहत नसे. बायकोचं नाव आणि लग्नाचं साल, एवढा सोपा ठेवला होता, तरी साल चुकायचं. नजमाभाभी त्यावरून जे बोलायच्या ते तुम्हा पोरांसमोर सांगत नाही. शेवटी त्यानं काय केलं, तर शिक्केवाला जे करेल तेच. एक शिक्का माझ्या पत्त्याचा बनवला आणि एक पासवर्डचा. पासवर्डचा शिक्का गल्ल्यात ठेवला, कुलूप लावून. आपण फार हुशार, असं त्या दिवशी त्याला वाटलं. मलाही वाटलं.

मग सहा वर्षांपूर्वी त्याची लेक, शबनम, हडपसरला एका कंपनीत कामाला लागली. पहिल्या पगारात तिनं बापाला मोबाईल घेतला आणि त्यावर एक नवं खातं उघडून दिलं.

ते नवं. कसं सांगू तुम्हाला. गुळगुळीत. आत शिरायचं तर पासवर्ड सांगा, वर मोबाईलवर आलेला आकडा सांगा, तेव्हा कुठं साहेब दार उघडणार. दर थोड्या वेळानं खिशात टिंग करणार आणि मुनव्वर हातातलं काम टाकून बघणार. माझ्यासाठी त्यानं कधी हातातलं काम टाकलं नाही हो. मला उघडायला त्याला कॅफेत चालत जावं लागायचं, तेही दुपारचं जेवण झाल्यावर.

त्यानं मला बंद केलं नाही. पासवर्ड बदलला नाही. गिऱ्हाइकांनाही नीट कळवलं नाही. नुसतं उघडायचं सोडून दिलं. पाटीवर मात्र मीच होतो, कारण पाटी रंगवायला पेंटर बोलवायचा आळस. तेवढाच मला आनंद. जुनी माणसं पाटी बघून मलाच पत्र टाकायची. उत्तर आलं नाही की चिडून फोन करायची. मी मनात म्हणायचो, जाऊ दे त्या नव्याकडे, त्याला काय कळतंय.

पाच वर्षं मी तसा पडून होतो. जाहिराती, शुभेच्छा, लॉटरी लागल्याची पत्रं. आणि एक दिवस मला कोणीतरी उघडलं.

पासवर्ड पहिल्या झटक्यात बरोबर. मला वाटलं, मुनव्वर आला. पण हा एका बोटानं नाही, दहा बोटांनी टाइप करत होता. हा कोणी परका होता.

आता खरं सांगतो, आणि हे सांगायला जीभ जड होते. मला राग नाही आला. मला बरं वाटलं. तो रोज यायचा. माझं प्रत्येक पत्र वाचायचा, जुन्यात जुनंसुद्धा. मुनव्वरनं कधी वाचलं नसेल इतकं मन लावून. मनात म्हणलं, बघ रे नव्या, मलाही विचारणारं कोणी आहे.

तो माझ्यात काय शोधत होता, ते मी बघूनही बघितलं नाही. दहा वर्षांचे शिक्के माझ्या पोटात होते. डॉक्टरांचे नोंदणी नंबर, मुख्याध्यापकांच्या सह्या. एकेक उचलून तो घेऊन गेला. पुढं येणाऱ्या प्रत्येक पत्राची नक्कल आपोआप त्याच्याकडे जाईल, असा नियमही लावून ठेवला. ज्या कंपनीत मी राहतो, तिनं मलाच सावधगिरीचं पत्र टाकलं: तुमच्या खात्यात नव्या ठिकाणाहून कोणी शिरलंय, तुम्हीच आहात ना? ते पत्र न उघडता पडून राहिलं. उघडणार कोण?

मग त्यानं माझ्या नावानं पत्रं पाठवायला सुरुवात केली. त्यातलं एक गेलं कर्वेनगरला, दिगंबरकाकांना. हे एका सोसायटीचे सेक्रेटरी, मुनव्वरचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. पत्रात लिहिलं होतं, तुमच्या सोसायटीचा शिक्का खराब झाला असेल, नवा फुकट करून देतो, सही आणि कोरं लेटरहेड स्कॅन करून पाठवा.

काका ते पत्र छापून, घडी घालून, रिक्षानं दुकानात आले. शबनम त्या दिवशी सुट्टीवर होती, बापाजवळ बसली होती.

काका उभ्यानंच म्हणाले, "मुनव्वर, तब्येत बरी आहे ना?"

"का काका?"

"वीस वर्षांत तू मला कधी फुकट काही दिलं नाहीस, आणि चहाला बोलावल्याशिवाय कधी सोडलं नाहीस. या पत्रात दोन्ही उलट आहे."

मुनव्वरनं पत्र वाचलं आणि स्टुलावर बसला. त्याला पहिल्यांदा कळलं की त्याच्या नावानं दुसराच कोणी बोलतोय. शिक्केवाल्याकडं माणूस आपली सही सोपवतो, ती कशावर? भरवशावर. तो गेला की दुकानात उरतं काय, रबर आणि शाई. त्याचा चेहरा बघितला आणि, मित्रांनो, माझा तो सगळा आनंद तिथल्या तिथं आंबट झाला.

शबनमनं लॅपटॉप उघडला. पासवर्ड कोणाला सांगितला होता, असं बापाला विचारलं. त्यानं शपथ घेतली, कोणालाच नाही, शिक्का गल्ल्यात कुलपात आहे. काकांनी चाळा म्हणून काउंटरवरची नमुन्यांची वही ओढली. ही वही मुनव्वरच्या वडिलांपासूनची. प्रत्येक नव्या शिक्क्याचा पहिला ठसा तिच्यात उठवायचा आणि मगच शिक्का गिऱ्हाइकाला द्यायचा, अशी त्या दुकानाची रीत. गिऱ्हाइकं तीच वही चाळून अक्षरं पसंत करतात.

काकांनी चष्मा वर केला आणि वही शबनमपुढं सरकवली. 'आवक' आणि 'खरी नक्कल' यांच्यामध्ये माझा पत्ता होता, निळ्या शाईत. त्याच्या खाली पासवर्ड.

"अब्बू," शबनम म्हणाली, "हे काय आहे?"

"पहिला ठसा वहीत. आमच्या अब्बांचा नियम आहे."

"पासवर्डचापण?"

"शिक्काच होता ना तो."

काका म्हणाले, "गल्ल्याला कुलूप मात्र छान आहे हो."

म्हणजे इतकी वर्षं जो आला त्यानं बघितलं. त्यातल्या एकानं कधीतरी मोबाईलवर फोटो काढला असणार. कोण, ते आजवर कळलं नाही.

शबनमनं आधी माझं कुलूप बदललं. मग मी जिथं जिथं उघडा होतो तिथून सगळ्यांना बाहेर काढलं. त्या माणसानं स्वतःचा फोन नंबर माझ्यात घालून ठेवला होता, परत शिरता यावं म्हणून. तो काढला. नकलांचा नियम पुसला. पोलिसांच्या सायबर विभागाकडं तक्रार नोंदवली. मग ज्यांच्या सह्या माझ्यात होत्या त्यांची यादी केली. मी म्हणलं, आता सगळ्यांना माझ्यातूनच पत्र जाणार. पण काका म्हणाले, या पत्त्यावरून आलेल्या पत्रावर आता कोण विश्वास ठेवणार? फोन कर एकेकाला. दोन दिवस मुनव्वर फोनवर होता. काका नंबर वाचून दाखवायचे, तो माफी मागायचा, नवीन शिक्का वेगळ्या नक्षीचा करून देतो म्हणायचा. कोणी शिव्या घातल्या, कोणी धीर दिला. मी तिथंच उघडा पडलो होतो आणि काम फोन करत होता. त्या फोनवरही जळलो मी, खोटं कशाला बोलू?

शेवटी शबनमनं माझी जुनी पत्रं उतरवून घेतली आणि नव्याकडं सोपवली. माझी. त्याच्याकडं.

मुनव्वर म्हणाला, "आता कुलूप बदललंय, तर राहू दे ना पडून. जुनं आहे बिचारं."

"राहू देते," शबनम म्हणाली. "रोज उघडून बघाल?"

त्याच वेळी मुनव्वरच्या खिशात टिंग झालं. त्याचा हात खिशाकडं गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"नाही बघणार मी," तो म्हणाला. "खोटं कशाला. बंद कर. थांब, मी करतो."

त्यानं चष्मा लावला. पडद्यावर जे जे लिहून आलं ते मोठ्यानं वाचलं, एकेक ओळ बोट ठेवून. खरंच बंद करायचंय का, असं विचारलं तिथं तो बराच वेळ थांबला. सहा वर्षांत त्यानं माझ्याकडं इतकं नीट बघितलं नव्हतं. मग एका बोटानं बटण दाबलं. माझ्या कंपनीत तीस दिवसांची मुदत असते, कोणाचं मन बदललं तर. एकोणीस गेले. तो आला नाही. यायलाही नको.

तर मित्रांनो, तुम्हीही कुठल्यातरी खेळासाठी, कुठल्यातरी फॉर्मसाठी माझ्यासारखं एखादं खातं उघडलं असेल आणि विसरला असाल. आज घरी जाऊन ते शोधा. ठेवायचं असेल तर कुलूप बदला आणि अधूनमधून डोकावत जा. नसेल ठेवायचं तर आतलं सामान काढून घ्या आणि स्वतःच्या हातानं बंद करा. आम्हाला वाईट वाटेल, वाटू द्या. उघडं टाकून तेवढं जाऊ नका. एकटं पडलेलं दार, येईल त्याला आपलं म्हणतं. मी म्हणलं होतं.

त्या नव्याचा हेवा मला अजून वाटतो. पण मुनव्वर त्याला रोज उघडून बघतो, त्यापुढं माझं काही चालत नाही.