द्वारकाबाईचा होकार

"आपणांस शौचास किती वेळा होते?" एल्साबाईंनी विचारलं.

बाकावरची हिरू मांडीवरच्या पोराला घट्ट धरून द्वारकाबाईकडे बघायला लागली. डोंगरावरच्या वाडीतून दोन तास उतरून ती आली होती, आणि ही गोरी बाई आपल्याला नक्की काय विचारतेय, हे तिला कळेना.

"पोर सकालपास्नं किती येला बसलं, इचारतात त्या," द्वारकाबाई म्हणाली. स्टोव्हवरच्या उकळत्या भांड्यातून ती चिमट्यानं सुया काढत होती.

"तीन येला. निस्तं पानी."

"तीनदा. पातळ," द्वारकाबाईनं एल्साबाईंना सांगितलं, आणि न विचारता जोडलं, "अंगावरचं पीतंय अजून. रडतंय पन. मंजे दम हाय."

एल्साबाईंनी मान हलवून लिहून घेतलं.

दहिवली सोडून चौकच्या रस्त्याला लागलं की भातशेतांच्या कडेला मिशनचा बंगला होता. ओटीवर दवाखाना, आत तीन माणसांचं बिऱ्हाड : नर्स एल्साबाई, पाद्री निल्सनसाहेब आणि त्यांची बायको. तिघं स्वीडनमधून आलेली. एल्साबाई महाबळेश्वरला जाऊन मराठी शिकल्या होत्या, पण ती पुस्तकातली. पहिली काही वर्षं तर त्या कुणाचंही बोलणं ऐकताना "या, या" म्हणायच्या आणि बाहेर उभी असलेली माणसं आपल्यालाच बोलावलं समजून आत शिरायची. त्यांच्या भाषेत 'या' म्हणजे 'हो', हे द्वारकाबाईनंच आधी ओळखलं. 'नेय' म्हणजे 'नाही', हे त्यानंतर.

द्वारकाबाई सत्तावन साली तिथं आली. नवरा सखा धनुर्वातानं गेला होता. बाईंकडे त्याला आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. दोन महिन्यांनी एल्साबाईंनी निरोप धाडला, पट्ट्या धुवायला माणूस हवंय. ती आली ती राहिली. माहेर डोंगराच्या पायथ्याशी, त्यामुळं वाडीवरच्यांची बोली तिला येत होती. पट्ट्या धुता धुता ती दुभाषी झाली.

भावकीला ते आवडलं नाही. "बाटनार ही," असं दीर नागू उघड म्हणायचा. दोन वर्षं सणाला तिचं ताट पडवीत वाढलं गेलं. मग जाऊ जनीचं पोर आडवं आलं. एल्साबाई चिखलातून चालत आल्या, नऊ तास जनीपाशी बसल्या आणि गजा जिवंत हाताला लागला. त्या दिवाळीला द्वारकाबाईचं ताट आत आलं.

बंगल्यातले दिवस एकासारखे एक होते. सकाळी सहाला तिघांची प्रार्थना. मग ओटीवर रांग. साहेब जीपमधून वाड्यांवर जायचे, चित्रं दाखवायचे, येशूची गोष्ट सांगायचे. लोक मन लावून ऐकायचे, कोरा चहा द्यायचे आणि जीप ढकलून चालू करून द्यायचे. त्यापलीकडे काही होत नव्हतं. निल्सनबाई गोड पाव भाजायच्या आणि ते मुंग्यांपासून वाचवण्यात त्यांचा दिवस जायचा. घरचं पत्र आलं की तिघंही आपापल्या कोपऱ्यात जाऊन वाचायची. एल्साबाईंची आई वारली, ते त्यांना सतरा दिवसांनी कळलं. पत्र घडी करून त्या ओटीवर आल्या आणि पुढच्या माणसाचा फोड कापला. द्वारकाबाईनं तेवढं पाहिलं आणि त्या दिवशी घरून आणलेली भाकरी आपण न खाता त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती खाल्ली.

अडुसष्ट साली, भात पिवळं पडायला लागलं तेव्हा, स्वीडनहून मोठे साहेब येणार असल्याचं पत्र आलं. बंगल्यातला आवाज बसला. तिसऱ्या दिवशी द्वारकाबाईनं विचारलंच, "बाई, झालंय काय?"

एल्साबाई औषधाच्या बाटल्या पुसत होत्या. "आम्हांला येथे येऊन चौदा वर्षे झाली," त्या म्हणाल्या. "या काळात एकाही मनुष्याने बाप्तिस्मा घेतला नाही. आफ्रिकेत आमचे एक ठाणे आहे. तेथे नर्स नाही. तेथील लोक बोलावतात. येथे आम्हांला कोणी बोलावलेले नाही."

"आन् दवाखाना?"

"तो बंद होईल."

द्वारकाबाई चार दिवस विचार करत राहिली. कर्जतला डॉक्टर होते, खोपोलीला होते. पण वाडीवरची बाई तिथवर जात नाही; गेली तर दारातूनच परत येते, हे तिला ठाऊक होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी नागू विळ्याला धार लावत होता, तिथं ती जाऊन बसली.

"भावजी, मी किरिस्ताव व्हायाचं म्हनते."

विळा थांबला. "त्या बाईनं भरवलं तुला?"

"तिला ठावं बी नाय."

"वयनी, साजगावला कललं तर काय व्हईल?"

साजगावला तिची एकुलती एक मुलगी शैला दिली होती. व्याही तात्या कडक माणूस. सून त्या घरून पुन्हा माहेरी येणार नाही, हे न सांगता समजण्यासारखं होतं.

"नाय यायची ती," द्वारकाबाई म्हणाली.

जनी चुलीपासून उठून दारात आली. "बाय गं, आन् तिच्याबिगर तुला ऱ्हावल?"

"तुझा गजा आडवा व्हता तवा कोन व्हतं गं?"

जनीनं मान खाली घातली. नागूनं विळा भिंतीला टेकवला आणि बाहेर निघून गेला.

मोठे साहेब आले ते वाईट नव्हते. उंच, थकलेले, उन्हानं लाल झालेले. दोन दिवस त्यांनी सगळं पाहिलं, रांगेतल्या पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला. तिसऱ्या दिवशी ओटीवर खुर्च्या मांडून चौघं बसली असताना द्वारकाबाई पदर खोचून पुढं झाली आणि निल्सनसाहेबांना म्हणाली, "त्यांना सांगा, मला बाप्तिस्मा घ्यायाचाय."

निल्सनसाहेब ताडकन उठले. त्यांनी भराभर सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज चिरकला. निल्सनबाईंनी तोंडाला रुमाल लावला. मोठ्या साहेबांनी द्वारकाबाईकडे बराच वेळ बघितलं आणि मग एल्साबाईंकडे वळून एक छोटासा प्रश्न विचारला. अकरा वर्षं हिच्याबरोबर तुम्ही काम केलंय. हिचा विश्वास आहे का? शब्द कळले नाहीत, तरी प्रश्न द्वारकाबाईला कळला.

एल्साबाईंनी हात मांडीवर ठेवले.

"नेय," त्या म्हणाल्या.

मग त्या आणखी पुष्कळ बोलल्या, पण द्वारकाबाईनं ते ऐकलं नाही. ती मागच्या अंगणात गेली आणि धुतलेल्या पट्ट्या पुन्हा धुवायला बसली.

थोड्या वेळानं एल्साबाई आल्या आणि दगडावर टेकल्या.

"एका शब्दाचं काम व्हतं, बाई," द्वारकाबाई वर न बघता म्हणाली.

"होय."

"अकरा वर्सं तुमचं बोलनं मी लोकांना सांगितलं. तुमाला जे म्हनायाचं तेच सांगितलं. माझं एकडाव सांगायचं आलं, तर तुमी..."

"मीही तेच सांगितले, द्वारकाबाई. आपल्या मनात जे आहे तेच."

"माझा इस्वास हाय."

"कोणावर?"

द्वारकाबाईनं पट्टी पिळली. खोटं बोलायचं तिनं चार दिवस घोकलं होतं, पण ते तिऱ्हाइतापुढं बोलायचं होतं. "तुमच्यावर," ती म्हणाली.

एल्साबाईंचे डोळे भरले. दुसरी पट्टी उचलून त्यांनी ती दोरीवर टाकली. दोघींनी मिळून सगळ्या वाळत घातल्या.

घरी जाताना द्वारकाबाईला राग येत होता. त्या रागाच्या तळाशी कुठंतरी सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि त्याचा तिला जास्त राग आला.

कापणी ऐन रंगात असताना बंगला रिकामा झाला. जाण्याच्या दिवशी एल्साबाईंनी गावातल्या घराघरांत जाऊन नमस्कार केला. नागूच्या अंगणात त्या आल्या तेव्हा त्यानं खाट टाकली, आणि गजाला पाया पडायला लावलं. द्वारकाबाई जीपपर्यंत गेली.

"तब्येत जपा," ती म्हणाली. "तिकडं ऊन लई असल."

"आपणही," एल्साबाई म्हणाल्या. जीप चौकच्या बाजूला गेली.

वाडीवर कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या मंगळवारी नऊ-दहा माणसं डोंगर उतरून आली आणि बंद दारासमोर ओटीवर रांगेत बसली. शेतातून द्वारकाबाईला ती दिसली. विळा जनीकडे देऊन ती तिकडे गेली आणि बाई गेल्याचं तिनं सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "मंग आमी इसावा घेतो जरा." तिनं विहिरीचं पाणी काढून सगळ्यांना दिलं. एकेक करून ती माणसं उठली आणि परत चढणीला लागली.

त्यांतली गौराबाई मात्र उठेना. तिचे दिवस भरले होते आणि पाय सुजले होते. द्वारकाबाईनं अंगठ्यानं तिच्या पायावर दाबून बघितलं. खळगा पडला, तो लवकर भरला नाही; ही सूज बरी नव्हे, हे ती बाईंकडून शिकली होती.

"चल, कर्जतला जाऊ."

"तिकडं मला कोन वलकतंय?"

"नाय वलकत. मी येते ना."

गौराबाई तिच्या हाताचा आधार घेऊन उठली. दोघी रस्त्याला लागल्या. मागून एसटी आली. द्वारकाबाईनं हात केला, पण गाडी भरलेली होती, थांबली नाही. धुरळा खाली बसेपर्यंत त्या कडेला उभ्या राहिल्या. द्वारकाबाईनं गौराबाईचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं, तिच्या चालीनं चाल धरली आणि दोघी ऊन टाळत आंब्यांच्या कडेकडेनं चालू लागल्या.