मध्ये थांबायचं नाही

केंद्रप्रमुख राजेंद्र सर वाचन-लेखनाच्या चाचणीला प्रत्येक शाळेत तेच एक कार्ड घेऊन फिरतात, हे केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांना ठाऊक होतं आणि शिक्षकांना ठाऊक आहे हे सरांनाही ठाऊक होतं. तेरी भी चूप, मेरी भी चूप. पहिल्या शाळेतली चाचणी उरकली की तिथून कार्डाचा फोटो गुपचूप मोबाइलवर यायचा आणि बाकीच्या शाळांत घोकंपट्टीचा कारखाना सुरू व्हायचा.

अनिताबाई या भानगडीत पडणार नव्हत्या. तसं त्यांनी घरी नवऱ्याला ठणकावून सांगितलंही होतं. पण कुरवंडे गावाच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत असलेल्या त्यांच्या शाळेचा पट एवढासा, की हजेरी सुरू होते न होते तोच संपायची. गेल्या वर्षी शेरा वाईट आला होता. यंदाही तसाच आला तर शाळेला कुलूप, असं वरून सांगून झालं होतं. अडला हरी! फोटो आला त्याच दिवशी बाईंनी तो उतारा फळ्यावर लिहिला.

‘हा आमचा रस्ता. रस्ता डोंगरातून जातो. रस्ता चांगला आहे. सगळे या रस्त्याने जातात. तुम्हीही या.’

तिसरीच्या पोरांना अक्षरं ओळखता येत होती, पण सुटी सुटी. ती हातात हात घालून उभी राहिली की पोरांची बोबडी वळायची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यातली वरच्या वाडीची पिंकी पाठांतराला पक्की. एकदा ऐकलं की मुखोद्गत. वाचायचं म्हणाल तर ‘रस्ता’ हा एकच शब्द ती चित्रासारखा ओळखायची. तो कुठंही दिसला की तिचं बोट त्याच्याखाली जायचं आणि तोंड सुरू व्हायचं ते थेट ‘तुम्हीही या’वर थांबायचं. गावातली माणसं कौतुकानं बघत राहायची. बाई मात्र तिथून काढता पाय घ्यायच्या. एकदा चाचणी होऊन जाऊ दे, मग सगळ्यांना पहिल्यापासून शिकवीन, असं त्या स्वतःला बजावायच्या.

एक अडचण उरली होती. मध्येच कुणी बोललं की पोरांचा धागा तुटायचा आणि ती पुन्हा ‘हा आमचा’पासून सुरू करायची. सरांसमोर असं झालं तर सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून बाईंनी नियम केला.

“एकदा सुरुवात केली की मध्ये थांबायचं नाही. सर काही बोलले तरी नाही, मी हाक मारली तरी नाही. उलट आवाज चढवायचा. आणि वाटेनं येतानासुद्धा म्हणत यायचं.”

पोरांना हा खेळ भलताच आवडला. बाई मुद्दाम ओरडायच्या आणि पोरं त्यांच्यावर आवाज चढवून हसायची.

चाचणीच्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की शाळेच्या पायरीवरून फाटक दिसत नव्हतं. आठवडाभर पावसानं उसंत घेतली नव्हती. राजेंद्र सर खालच्या सडकेनं वेळेत पोहोचले होते. वरच्या वाडीतून फक्त पिंकी आली होती, तिच्या आज्याचा, कोंडाजीआबांचा हात धरून. सरांनी तिच्यापासूनच सुरुवात केली. तिनं पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं, कार्डावर बोट ठेवलं आणि उतारा घडाघडा म्हणून टाकला. सर मध्ये एकदा खोकले, तर तिनं आवाज चढवला.

“शाब्बास!” सर म्हणाले. मग खिडकीकडे बघत पुढं बोलले, “वाडीची बाकीची पोरं आज यायची नाहीत म्हणा. वरची वाट खचलीय ना. काल संध्याकाळीच पंचायतीनं दोर बांधून ‘रस्ता बंद’चा बोर्ड लावला. तुमच्या गावच्या ग्रुपवर आलं असेल की.”

बाईंनी दोन दिवस तो ग्रुप उघडला नव्हता. त्यांनी व्हरांड्यात डोक्यावरचं प्लास्टिक झटकत उभ्या असलेल्या कोंडाजीआबांकडे पाहिलं.

“आबा, तुम्ही कुठून आलात?”

“वरल्या वाटंनं की. दुसरी जवळची वाट हाय कुटं?”

“तिथं बोर्ड नव्हता का?”

“व्हता की! आता आमाला कुटं वाचाया येतंय? पन नात शाळंत जाती न्हवं! म्हनलं, वाच गं. बोट ठिवून समदं वाचलं बगा तिनं. रस्ता चांगला हाय, समदे जात्यात, तुमीबी या.” म्हाताऱ्याचा ऊर अभिमानानं भरून आला होता. “लय चांगलं शिकिवलंत बाई तुमी.”

“आणि दोर?” बाईंनी विचारलं.

“त्यो म्या सोडला. शनवार-रविवारी फिराया येनाऱ्यास्नी आडवाया बांदत्यात, तसलाच आसंल म्हनलं. मागनं सत्यम, समरीन, समदी पोरं येत्यात. त्यास्नी कशाला आडकाटी?”

बाईंनी मोबाइल कानाला लावला. रेंज नव्हती. मग त्या तशाच धावत सुटल्या. मागून सरांनी काहीतरी विचारलं, पण उत्तर द्यायला त्या थांबल्या नाहीत. चढावर चप्पल चिखलात रुतून राहिली. देवा, आज पोरांना ताप येऊ दे, आईबापांनी घरी ठेवलेलं असू दे, शाळा गेली खड्ड्यात, असं काहीबाही त्या पुटपुटत होत्या.

वळणावर त्यांना थांबावंच लागलं. पुढं दरीच्या कडेला, आबा मघाशी जिच्यावरून आले ती वाट आता आडवी फाटली होती. भेगेत तांबडं पाणी गडप होत होतं आणि अलीकडची माती ढेकळाढेकळानं खाली सुटत होती. पलीकडे नुसतं पांढरं धुकं.

त्या धुक्यातून आवाज आला. पोरं एका सुरात, मजेत म्हणत येत होती.

“हा आमचा रस्ता. रस्ता डोंगरातून जातो…”

“थांबा!” बाई जीव खाऊन ओरडल्या. “सत्यम, समरीन, थांबा रे! पुढं येऊ नका!”

पलीकडे कुणीतरी खुदकन हसलं. पोरांनी बाईंचा आवाज ओळखला होता.

“रस्ता चांगला आहे!” सगळ्यांनी मिळून आवाज चढवला आणि चिखलातली पावलं झपझप जवळ येऊ लागली.