शेवटचे चार पापुद्रे

तपासणी विभागात त्यांना सगळे पापुद्रेकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, यंत्राच्या पात्यावर त्याचे केसाहून बारीक पापुद्रे काढायचे आणि काचपट्टीवर चढवायचे. नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरीणबाईंना आधी वाटायचं, यात काय मोठंसं? यंत्रच तर कापतं!

त्यांचं हे मत बदललं ते एका बसचालकामुळे.

माणूस बावन्न वर्षांचा. जुन्या काविळीने यकृत आधीच निबर झालेलं, त्यात आता दोन सेंटिमीटरची गाठ. रक्तात कॅन्सरची चाहूल देणारं प्रथिन अगदी नॉर्मल. स्कॅन धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. म्हणून सुईने गाठीचा तुकडा काढला. शिवणाच्या दोऱ्याएवढा, बस.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि त्या बुचकळ्यात पडल्या. पेशींची दाटी होती खरी, पण दिसायला सगळ्या सोज्वळ. अशा वेळी पेशींची झडती घ्यावी लागते. तीन ठरलेली प्रथिनं शोधायची. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. तीनपैकी दोन सापडली की कॅन्सर धरायचा.

पहिलं सापडलं नाही. दुसरं मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत गडद उमटलं. पेशीच्या आत 'वाढ, वाढ' असा निरोप एकीकडून दुसरीकडे पोचवणारी साखळी बंद व्हायचं नाव घेत नसली, की बहुधा हे प्रथिन असं उतू जातं. म्हणजे एक बाजूने, एक विरुद्ध. सगळी भिस्त आता तिसऱ्यावर.

आणि वडी जवळजवळ रिकामी! बाईंनीच उत्साहाच्या भरात आधी चार भलत्याच तपासण्या सांगून तुकडा संपवला होता.

त्यांनी सर्जनना फोन लावला. "पुन्हा सुई घालता येईल का?"

"नको. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला खेटून आहे. पोट उघडून करणं वेगळं आणि बाहेरून सुई खुपसणं वेगळं. एकदा निभावलं. पण कॅन्सर आहे की नाही हे कळल्याशिवाय असलं यकृत मी कापणार नाही. तुम्हीच काय ते सांगा."

बाई खाली मान घालून काकांकडे गेल्या. काकांनी वडी खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली.

"आहे अजून."

"कुठे? मला नुसतं मेण दिसतंय."

"ती धुरकट रेघ दिसतेय? चार निघतील. पाचवा मागू नका."

"चूक माझी आहे, काका."

"अर्धी माझी. चार तपासण्या सांगितल्यात तेव्हाच मी विचारायला हवं होतं. नवीन डॉक्टरांना टोकावं कसं, म्हणून गप्प बसलो."

त्यांनी वडी बर्फावर ठेवली, पंखा बंद केला. मग पाव तास ते काहीच कापेनात! वडी पात्याजवळ आणायची, मधल्या फटीतून येणारा उजेड बघायचा, वडीचा कल बदलणारा स्क्रू अर्ध्या केसाने फिरवायचा, पुन्हा बघायचं. वडी जराशी वाकडी बसली असती, तर ती सरळ करण्यातच उरलासुरला तुकडा गेला असता. बाई त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या.

पहिला पापुद्रा कोमट पाण्यावर पडताच दुमडला. दुसरा मधोमध फाटला. काकांनी कपाळ पुसलं, पातं जरा सरकवून त्याची न वापरलेली धार पुढे घेतली. तिसरा पाण्यावर सायीसारखा पसरला. चौथाही.

"एकीवर करा, दुसरी राखून ठेवा," दोन काचपट्ट्या पुढे करत ते म्हणाले. "रंग बिघडला तर हाताशी असावी."

रंग बिघडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी पाहिलं, तर गाठीतल्या पेशींची केंद्रकं तपकिरी ठिपक्यांनी भरली होती. तिसरं प्रथिन सापडलं होतं. कॅन्सरच, पण अगदी सुरुवातीचा.

पंधरवड्यात ऑपरेशन झालं. काढलेली अख्खी गाठ काकांच्याच टेबलावर आली. निदान बरोबर निघालं आणि कडा चारी बाजूंनी स्वच्छ, म्हणजे आत काही राहिलं नव्हतं.

आठ महिन्यांनी बसचालक तपासणीला आला, तेव्हा बाई त्याला मुद्दाम खाली घेऊन आल्या. "यांनी कापलं म्हणून मला दिसलं," त्या म्हणाल्या.

काका संकोचले. "मी नुसतं कापलं हो. ओळखलं यांनी."

"मीही नुसती बसच चालवतो," तो म्हणाला, "पण आत पन्नास माणसं असतात."

काकांना हसू आवरेना. त्यांनी त्याच्यासाठी स्टूल ओढलं आणि राखून ठेवलेली काचपट्टी शोधायला कपाट उघडलं.